आत्यांच्या पिशवीतल्या गोळ्या

जगातल्या कुठल्याही दुखण्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त टिकू द्यायचं नाही, अशी न्हावऱ्याच्या आत्यांची प्रतिज्ञा होती. मुलांनो, या तुमच्या आजोबांच्या बहीण. तुमच्या बाबांच्या आत्या, म्हणून आम्ही सगळेच त्यांना आत्या म्हणतो. त्यांच्या कमरेच्या पिशवीत सुपारी नसे, गोळ्या असत. पांढरी डोक्याला, पिवळी गुडघ्याला, गुलाबी उरलेल्या सगळ्या शरीराला. पाहुणा उंबऱ्यात आला की पाणी, पाण्यामागून चहा आणि चहाबरोबर, तोंड जरा उतरलेलं दिसलं तर, गोळी. दौंडच्या लग्नाला निघताना एसटीत बसण्याआधीच त्या एक घेत, कारण कंबर दुखणारच, मग वाट कशाला बघायची. म्हैस लंगडली तेव्हा त्यांनी गुळात गुलाबी गोळी दडवून तिच्यापुढे धरली. म्हशीनं गूळ खाल्ला आणि गोळी बाहेर टाकली. जनावराला अक्कल नसते, असं आत्या म्हणाल्या. एका संक्रांतीला तर त्यांनी वाण म्हणून अंगदुखीच्या गोळ्यांची पाकिटं लुटली. बायका खूश झाल्या, हेही सांगितलं पाहिजे. घरोघरी चहाच्या गाळण्या किती साठवायच्या?

मग पोटात जळजळ सुरू झाली. आत्यांनी दोष मिरचीला दिला. मिरची बंद झाली, गोळ्या चालू राहिल्या. पावलं सुजली तेव्हा दोष चपलांवर आला आणि नव्या चपला घेतल्या गेल्या. शेवटी मी त्यांना शिरूरला डॉक्टरांकडे नेलं. तपासणीचे कागद पाहून डॉक्टरांनी विचारलं, रोजची औषधं कोणती?

"येक बी न्हाई," आत्या अभिमानानं म्हणाल्या.

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. उत्तर तेच. नणंदेचं गुपित फोडू नये, हे मला पक्कं माहीत आहे. तरी मी त्यांची पिशवी उचलली आणि टेबलावर पालथी केली. एक गोळी घरंगळत डॉक्टरांच्या कोपरापर्यंत गेली.

"आवो, ह्ये औषिद कुठं हाय?" आत्या मनापासून चकित झाल्या. "ह्ये तर वाण्याकडं चहापत्तीशेजारी मिळतं. औषिद म्हंजी तुमी लिवून देता ते."

डॉक्टरांना हसू आवरेना, पण पुढचं ते हसून बोलले नाहीत. या गोळ्यांनी मूत्रपिंडं थकली आहेत. आज बंद केल्या तर सावरतील, नाहीतर आठवड्यातून दोनदा पुण्याला डायलिसिसच्या मशीनवर जावं लागेल. परतीच्या एसटीत आत्या मुद्दाम माझ्यापासून दोन बाकं पुढे जाऊन बसल्या. घरी पोचल्यावर मात्र उरलेली पाकिटं त्यांनी स्वतःच उकिरड्यात पुरली, म्हशीच्या देखत.

आता सूज उतरली आहे आणि कागदांवरचे आकडे बरे आहेत. पण दुखणी, इतकी वर्षं दाराबाहेर उभी केलेली, एकदम आत आली आहेत. ऐन तिशीत नवरा गेला, तेव्हापासून आत्यांनी ऊस, कांदा, चार म्हशी एकटीनं ओढल्या. बसून दुखायला त्यांना सवड कधी मिळाली? परवा फोनवर हळूच म्हणाल्या, "वैनी, इतकं दुखत व्हतं, मला म्हाईतच नव्हतं."

आता रोज सकाळी अकराला त्यांचा फोन येतो. मी उपाय सांगत नाही. आज कुठं, एवढंच विचारते, आणि त्या सावकाश सांगत राहतात.