तैयबाच्या फणसाची मुदत

दोहाला बावीस वर्षं स्टोअरकीपरी करून मकसूदभाई कायमचे कोकणात दिघीला परतले, आणि तिसऱ्याच दिवशी परसात उभं राहून त्यांनी हुकूम सोडला, "हा फणस खल्लास!"

परदेशातून बाकी काही आणलं न आणलं, हा एक शब्द त्यांनी भरपूर आणला होता. चहा संपला, खल्लास. लाइट गेली, खल्लास. जावयाचा फोन मध्येच कट झाला, तरी खल्लास. पण या वेळी तांदूळ पाखडणाऱ्या त्यांच्या बायकोच्या, तैयबाच्या, हातातलं सूप थांबलं.

"का म्हणून?"

"अगो, ऊन कुठंय इथं? बावीस वर्षं प्लास्टिकात गुंडाळलेली भाजी खाल्ली मी. तेव्हाच ठरवलेलं, घरी गेलो की स्वतःच्या हातानं पुदिना लावीन, मिरची लावीन. आणि इथं बघावं तर भरदुपारी टॉर्च घेऊन फिरायची पाळी!"

टॉर्च जरा जास्तच झाला, पण सावली खरी होती. मकसूदभाई पहिल्यांदा विमानात बसले त्याच आठवड्यात तैयबानं या फणसाची आठळी मातीत खोचली होती. ते दोन वर्षांनी एकदा यायचे, महिनाभर फणसाखाली खाट टाकून घोरायचे आणि जायचे. उरलेले तेवीस महिने फणस आणि तैयबा. मुलींचे अभ्यास त्याच्याखाली, मासळी साफ करणं त्याच्याखाली, दोहाहून येणारा फोनसुद्धा त्याच्याखालीच, कारण रेंज तिथंच यायची. आता हे नवऱ्याला सांगायचं कसं? म्हणेल, बाई झाडाच्या नादानं खुळी झाली.

म्हणून ती एवढंच म्हणाली, "सावलीतपण भाजी होते. मला एक महिना द्या."

"दिला! महिन्यानं पुदिन्याची चटणी माझ्या ताटात आली तर फणस तुझा. नाय आली तर रघूची करवत." आणि झाडं तोडणाऱ्या रघूला त्यांनी तिच्यासमोरच फोन लावून मे महिन्याचा शेवटचा रविवार सांगून टाकला.

तैयबा कामाला लागली. दुपारी जोहरच्या नमाजानंतर परसात ऊन जिथं जिथं पडे, तिथं ती एकेक शिंपला ठेवी. ऊन कलताना, असरला, पुन्हा बघे. चार दिवसांत कळलं, दोन्ही वेळा ऊन लागतं ती जागा एकच, विहिरीच्या कठड्याजवळची. तिथं मिरचीची कुंडी गेली. फणसाखाली वाफा केला, त्यात पुदिन्याच्या काड्या आणि अळूची पिल्लं. हे सगळं दिलं कृष्णाबाईनं. कृष्णाबाई फेरीबोटीच्या धक्क्यावर भाजी विकायची. माहेर तळा गावाकडचं, भातशेतीतलं, त्यामुळे मातीबद्दल तिचा शब्द शेवटचा.

पण दहाव्या दिवशी पुदिना काळा पडला. अळूनं मान टाकली. फक्त कुंडीतली मिरची ताठ.

"बघ," मकसूदभाई म्हणाले, "उन्हातलं जगलं, सावलीतलं मेलं. आता बोल."

त्या दिवशी तैयबाच्या डाळीत दोनदा मीठ पडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर जाताना कृष्णाबाई आत डोकावली. डोक्यावरच्या टोपलीसकट वाफ्याशी उकिडवी बसली, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थू करून थुंकली.

"भाभी, लोणचं घातलंव काय गो हितं? खारट हाय माती!"

"विहिरीचं पाणी घालते मी. गोडं आहे ते."

एवढ्यात मागच्या दारातून मकसूदभाई आले. हातात टोप, तोंडात गाणं. गुणगुणतच वाफ्यापाशी आले आणि टोप सगळा पुदिन्यावर रिकामा केला. खाऱ्या बांगड्याचा वास परसभर सुटला. परतल्यापासून त्यांची न्याहारी ठरलेली होती, तांदळाची भाकरी आणि खारा बांगडा. बांगडा रात्रभर भिजे आणि त्याचं पाणी...

"हे रोज घालता?" तैयबाचा आवाज बारीक झाला.

"रोज! तुला वाटलं मी नुसता बघत बसतो? माझी आई माडाला हेच घालायची. माड कसला वाढला, बघ!"

"भाईजान," कृष्णाबाईनं टोपली डोक्यावरून खाली उतरवली, म्हणजे प्रकरण गंभीर होतं, "माड खाडीचं पाणी पिऊन वाढतोय. त्याला चालतंय. पुदिना काय खाडीत जन्मला? आणि ह्या उन्हाळ्यात त्याला सावलीच पायजे व्हय! फणस बिचारा गप हुबा हाय, आणि आळ त्याच्यावर!"

मकसूदभाईंनी टोपाकडे पाहिलं, वाफ्याकडे पाहिलं, मग उगाचच माडाकडे पाहिलं. "मुदत तीच राहील," ते पुटपुटले, पण फावडं त्यांनीच आणलं.

खारी माती उपसली. जागी भरला फणसाखालचाच कुजलेला पालापाचोळा, बावीस वर्षांचा, काळाभोर. नवीन काड्या लावल्या. आता तैयबा रोज पहाटे आधी बांगड्याच्या टोपाचा ठावठिकाणा घेई, मग चहा ठेवी. आठव्या दिवशी पुदिन्याला फूट आली. तिनं कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागेल म्हणून नव्हे, पुन्हा कुणी कौतुकानं काही ओतेल म्हणून.

रविवारी रघू दोरखंड आणि करवत घेऊन हजर. हा माणूस दिवसाला मोजून दहा शब्द बोलायचा. "कुठला?" त्यानं विचारलं.

"थांब जरा," मकसूदभाई म्हणाले. ते फणसाखालीच जेवायला बसले होते. ताटात वाटीच्या तळाला पुरेल एवढी हिरवी चटणी होती. त्यांनी बोटावर घेतली, चाखली. डोळे मिटून बसले. तैयबा दाराची चौकट धरून उभी.

"मीठ कमी आहे," ते म्हणाले.

"ह्यापुढं कमीच घालणार."

मकसूदभाई हसायला लागले, इतके की ठसका लागला. पाणी पिऊन रघूला म्हणाले, "करवत ठेव खाली. वर चढ आणि पिकलेले फणस उतरव. एक तुला, एक कृष्णाबाईला."

तैयबानं चौकट सोडली. ती तिथंच उंबऱ्यावर बसली.

वरून रघूचा आवाज आला. "मोठाय."

"काय, फणस?" मकसूदभाईंनी विचारलं.

"झाड."

"हो," तैयबा म्हणाली. "बावीस वर्षांचं आहे."

मकसूदभाईंनी मान वर करून, बहुधा पहिल्यांदाच नीट, त्या झाडाकडे पाहिलं. मग वाटी पुढे केली. "अजून आहे थोडी?"

"खल्लास," तैयबा म्हणाली.