खिळ्यावरचा पिस्टन

हनीफ गेल्याची बातमी मला गिऱ्हाइकानं दिली. पूर्णा गावचा एक माणूस झाडं कापायची चेनसॉ घेऊन दुकानात आला, ती बाकावर ठेवली आणि म्हणाला, “हनीफभाई गेलं ना परवा. आता तुमच्याबिगर कोन हाय?” खरं सांगतो, दुःखाच्या आधी मनात आलं ते एवढंच, की शेवटी मशीन माझ्याकडे आली. दीड महिना झाला, त्या विचाराची लाज अजून जात नाही.

आम्ही दोघं एकाच उस्तादांच्या हाताखाली शिकलो. सुरू करायच्या दोरीला धरून मशीन लोंबती सोडायची; थांबत थांबत, धक्के देत खाली आली तर कॉम्प्रेशन ठीक, सरसर गेली तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या, हा पहिला धडा. तो मलाही यायचा. पण हनीफ मशीन चालू करून कान तिरका करायचा आणि एकही स्क्रू न खोलता दुखणं सांगायचा. अर्धा दिवस खोलाखोल करून मीही तिथंच पोचायचो... उस्ताद पुढची मशीन त्याच्याकडे सरकवत. पुढे मी शेलार गावात रस्त्यावर दुकान टाकलं, त्यानं शहरात, लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत. तिथल्या खडखडाटात शेजारचा माणूस ऐकू येत नाही आणि याला मात्र इंजिनातली कुरकुर ऐकू यायची. गोदामांसाठी झाडं तोडून जागा मोकळ्या होऊ लागल्या तशी लोकं माझ्या दारावरून पुढे जाऊन त्याच्याकडे मशिनी नेऊ लागली. मी पाना हातात घेऊन बघत बसायचो.

मग वळ गावच्या दामूशेठची मशीन आली. पिस्टनवर ओरखडे पडले होते. मी नवा पिस्टन घातला. ट्रिगर सोडला तरी इंजिन भणभणतच राही, तर मी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून ते गप्प केलं. आठवड्यात मशीन पुन्हा जाम झाली, आणि शेठनं ती हनीफकडे नेली. त्यानं सायलेन्सर काढून आत बघितलं, मग हवेच्या वाटा ट्यूबच्या रबरानं बंद केल्या, सायकलच्या पंपानं हवा भरली आणि साबणाचं पाणी लावलं. क्रँकच्या दांड्याभोवतीच्या रबरी सीलपाशी बुडबुडे आले. तिथून आत जास्तीची हवा शिरत होती, त्यामुळे पेट्रोल आणि त्यातलं ऑइल कमी पडून पिस्टन घासत होता. भणभण म्हणजे तेच होतं. ते मला कळायला हवं होतं. हनीफनं शेठला सांगितलं, “वामननं पिस्टन बराबर बसवलाय. सील नंतर गेलं.” सील आधीच गेलं होतं, हे त्याला माहीत होतं आणि मलाही. शिवी दिली असती तर मी विसरलो असतो, पण त्यानं मला सांभाळून घेतलं, आणि ते मला सहन झालं नाही.

महिन्याभरानं त्याच्या दुकानात गेलो तर बाकाच्या वर, खिळ्याला एक ओरखडलेला पिस्टन टांगलेला. तो दामूशेठच्या मशीनमधून काढलेला माझाच का, हे विचारायची मला गरज वाटली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत असणार! त्यानंतर मी तिथं पाऊल टाकलं नाही. ईदला त्यानं शीरखुर्म्याचा डबा स्वतः आणून दिला, तो मी धुऊन रिकामा परत पाठवला. आमच्याकडे रिकामा डबा कुणी परत करत नाही. हनीफलाही ते ठाऊक होतं. तरी पुढच्या ईदला डबा आलाच, आणि मी तो पुन्हा रिकामाच धाडला... अशी सात वर्षं गेली.

मागच्या आठवड्यात हनीफच्या बायकोचा, जुबेदाभाभींचा निरोप आला की दुकान रिकामं करायचंय, हत्यारं तुम्ही बघून घ्या. मी गेलो. पिस्टन तिथंच होता. मी तो काढून खिशात घालायला लागलो आणि म्हणालो, “भाभी, हा माझा. एवढी वर्षं टांगून ठेवला त्यानं.”

भाभी म्हणाल्या, “तुमचा कसा, भाऊ? तुमचा तर त्यांनी त्याच दिवशी भंगारात टाकला. म्हणाले, कोणाच्या नजरेला पडायला नको. हा त्यांचा हाय. उस्तादांची मशीन बिगर ऑइलची चालवून जाळली होती, तेव्हाचा. पेटीत होता. तुमचा भंगारात टाकला आणि ह्यो वर टांगला.”

उजेडात धरून पाहिला. ओरखडे सगळीकडून होते, ऑइलच नसल्यावर पडतात तसे. माझ्या पिस्टनवर ते फक्त सायलेन्सरच्या बाजूला असणार, जास्तीची हवा शिरल्यावर पडतात तसे. सात वर्षांत एकदा वळून बघितलं असतं तरी कळलं असतं. ती मशीन कुणी जाळली हे उस्तादांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मला आजही त्याचा हेवा वाटतो, आणि तो काही त्याच्या तिखट कानाचा नाही. स्वतःची चूक बाकाच्या वर टांगून तिच्याखाली रोज काम करायला मला जमलं नसतं.

पिस्टन मी भाभींकडून मागून आणला. आता तो माझ्या बाकाच्या वर, खिळ्याला आहे. परवा दामूशेठ आला, वर बघून म्हणाला, “ह्यो कुनी जाळला रं?”

मी म्हणालो, “मी.”