पुडीवाला, माझी बोटं आणि टी सेल

"रुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"म्हंजे संधिवातच की. म्हातारपणाचा," माझा नवरा म्हणाला. मी छत्तीस वर्षांची होते. आजारापेक्षा त्याचाच राग आला.

मी गारगोटीच्या बसवर कंडक्टर. आधी तिकिटाच्या मशीनची बटणं दाबेनात. मग सकाळी तासभर मूठच मिटेना. डेपोतले साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "मशीन ठीक हाय, बाईच बिघडल्याय."

सासूबाईंनी नेसरीकडच्या एका पुडीवाल्याकडे नेलं. चार दिवसांत दुखणं गायब झालं. दोन महिन्यांत तोंड सुजून गोल झालं. पुड्या सोडल्या, तर अंथरुणातून उठता येईना. मग हे हॉस्पिटल.

"पुडीत स्टेरॉइड असणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ते असं घ्यायचं नसतं आणि एकदम सोडायचंही नसतं."

मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या. मळमळ झाली, सूज तशीच. मी चिडून विचारलं, "माझंच शरीर मला का खातंय?"

"टी सेल म्हणजे रखवालदार पेशी. तुमच्या टी सेल तुमच्याच सांध्यांवर उठल्यात. पण नुसती शत्रूची ओळख पटून टी सेल उठत नाही. समोरच्या पेशीवरची प्रथिनं तिला दुसरा इशारा देतात. त्याला को-स्टिम्युलेशन म्हणतात. तो मिळाला नाही, तर ती थंड पडते."

"म्हंजे रस्ता मोकळा असला तरी मी डबल बेल दिल्याबिगर गाडी हलत न्हाय, तसं?"

"अगदी तसं. अबॅटासेप्ट नावाचं औषध त्या प्रथिनांवर जाऊन बसतं. इशारा पोचतच नाही."

रखवालदार थंडावले की जुना टीबी डोकं काढू शकतो, म्हणून आधी त्याच्या तपासण्या झाल्या. मग दर महिन्याला शिरेतून त्या औषधाचं सलाईन. दोन महिने काही फरक नाही. मी नर्सवर ओरडले, नवऱ्याशी बोलणं टाकलं. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी चादर पिळली आणि पिळून झाल्यावर लक्षात आलं, दुखलं नाही.

दोन बोटं वाकडी झाली ती झालीच. कामावर परत गेले.

पहिल्या सुट्टीला पुडीवाल्याच्या दारात गेले. रांगेतल्या एका मावशींना वाकडी बोटं दाखवली. "मावशी, सकाळी हात आखडत्यात? आधी रक्त तपासा."

तो आतून ओरडला, "ओ बाई, तुमाला काय त्रास हाय?"

"तूच!" मी म्हणाले.

मावशींनी पिशवी उचलली. "कुठल्या दवाखान्यात, बाळ?"

डॉक्टरबाईंचे आभार मी अजून तोंडानं मानलेले नाहीत. त्या मावशींना त्यांच्यासमोर नेऊन बसवलं.