रितिकाचे दहा

माया आमच्या खालच्या दोन खोल्यांत राहते. काय करतेस असं कोणी विचारलं तर "कंपनीत जातो" एवढंच सांगते. कळमेश्वरच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला आहे. दिवसभर उभं राहायचं आणि येणारे डबे खोक्यात भरायचे. संध्याकाळी बसमधून उतरते तेव्हा पाय सुजलेले असतात. नवरा प्रीतम ट्रक घेऊन बाहेरगावी. माणूस वाईट नाही, पण घरात नाही.

मायाचं दहावीत गणित अडलं आणि नर्सिंगला जायचं राहून गेलं. त्यामुळे मुलीचं गणित म्हणजे तिच्या जिवाला लागलेला घोर. मुलगी, रितिका, आहे केजीत.

शाळेच्या ग्रुपवर रोज घरी करायची एखादी ॲक्टिव्हिटी येते. राजमा वाटीत मोजा, बाटल्यांची झाकणं रंगानुसार लावा, दोरीला कपड्यांचे चिमटे लावा. कल्पना चांगल्याच आहेत. मी जुनी बी.एस्सी., लहान मुलाला आकडा आधी हाताला कळावा लागतो एवढं मलाही समजतं. पण अट अशी की व्हिडिओ काढून पाठवायचा. मग माया काय करायची, फरशीवर दहा झाकणं ओळीनं मांडायची. दहाच, कारण फोनमध्ये ओळ भरलेली दिसते. एका हातात फोन. रितिका बोट फिरवत वन-टू करत टेनपर्यंत जायची आणि वर बघून म्हणायची, थँक यू मॅडम. मॅडमकडून स्टार यायचा, माया कुकर लावायची.

हे नाटक आहे, असं मी एकदा तोंडावर सांगितलं. मॅडमला पटतं ना, मग झालं, असं ती म्हणाली.

डिसेंबरात शाळेनं बोलावलं. इंग्रजी बोलणाऱ्या मॅडमसमोर मायाची जीभ अडते, म्हणून मला सोबत नेलं. मॅडम तरुण होत्या, स्वतःच दमलेल्या. त्यांनी टेबलावर सहा झाकणं ठेवली. रितिकानं बोट फिरवलं. झाकणं सहावर संपली, बोट मात्र तसंच लाकडावरून पुढे जात राहिलं. टेन. थँक यू मॅडम. आणि तिनं वर पाहिलं, फोन असतो तिथे. मॅडमनी चारच ठेवली. पुन्हा टेन.

मुलगी गोड आहे, मॅडम म्हणाल्या, पण पहिलीत बसवणं कठीण दिसतं. संक्रांतीनंतर एकदा बघू, नाहीतर अजून वर्षभर केजीतच राहू द्या.

घरी पायरीवर बसल्यावर माया म्हणाली, "आजी, पोरगी माह्यासारखीच निघाली."

मला राग आला. "तुझ्यासारखी कशाला? रोज दहाच मांडतेस, मग ती दुसरं काय सांगेल?"

"मग काय करू जी? घरी येतो तवा मले उभंही राहवत नाही."

 

तिनं काही ठरवून व्हिडिओ बंद केले नाहीत. तिच्यानं होईनासंच झालं. एका संध्याकाळी येताना तिनं ओल्या तुरीच्या शेंगा आणल्या, सोल्यांची, म्हणजे ओल्या दाण्यांची भाजी करायला. दाराच्या चौकटीला पाठ टेकून, डोळे मिटून शेंगा सोलत बसली. रितिका टोपलीशी येऊन बसली. तिनं एक शेंग उघडली, दाण्यांवर बोट ठेवत गेली, आणि चारनंतर दाणे संपले. तिनं टरफल उलटं करून पाहिलं.

"आई, टेन नाही आले."

मायानं डोळे उघडले नाहीत. "नसतीन. जेवढे हायेत तेवढे सांग."

"फोर."

पुढच्या शेंगेत तीन. एकीत काहीच नाही, अळीनं खाल्लेलं. मायानं फेक म्हटलं तर रितिकानं ती फेकली नाही, वेगळी ठेवली. मग तीनवाल्यांची एक रांग झाली, चारवाल्यांची दुसरी. पाच दाण्यांची सापडली तेव्हा ती जिना चढून मला दाखवायला आली. मी खाली गेले. मायाचा हात फोनकडे गेलेला दिसला. राहू दे, मी म्हटलं. पण तिला फोटो काढायचाच नव्हता, मांडीखाली फोन टोचत होता म्हणून तिनं तो बाजूला सरकवला.

शेंगा अजून मिळत होत्या, तसं हेच चालू राहिलं. ग्रुपवर व्हिडिओ न पाठवणाऱ्यांची नावं यायची, त्यात माया असायचीच. ती बघायची आणि फोन पालथा ठेवायची.

संक्रांतीनंतर तिला रजा मिळाली नाही. मीच रितिकाला शाळेत नेलं. मॅडमनी सात झाकणं मांडली. रितिकाचं बोट सातव्यावर थांबलं. तिनं टेबलाखालीही वाकून पाहिलं.

"बस. सेवनच आहेत."

मॅडमनी तीन ठेवून पाहिली, पाच ठेवून पाहिली. मग पहिलीला हरकत नाही म्हणाल्या. वर हेही सांगितलं की आईला म्हणावं, व्हिडिओ येत नाहीत. सांगते म्हटलं. मायाला ते सांगायचा माझा विचार नाही.

संध्याकाळी फाटकाशीच तिला पहिलीची बातमी दिली. मला वाटलं होतं, उड्या मारेल. "खरंच?" एवढंच म्हणाली आणि चपला न काढता पायरीवर बसली. मग म्हणाली, "पहिलीत ॲक्टिव्हिट्या अजून जास्त असतीन ना, आजी?"

असतील, मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

रितिकानं आतून शेंगांची टोपली ओढत आणली. मायानं डोळे मिटले होते, तरी हात आपसूक एका शेंगेवर गेला.