चष्म्यावरचा ढग

आज मोदकपात्राचं झाकण उचललं आणि माझा चष्मा पांढरा झाला. बाळांनो, आकाशातला ढगही असाच होतो. न दिसणारी वाफ वर जाऊन गारठते आणि धुळीच्या कणांना बिलगून तिचे थेंब होतात. इथे कणांऐवजी काच होती, एवढंच.

तुमचे आजोबा वास आला की ओट्यापाशी येऊन मुद्दाम वाफेत वाकायचे. "अगं, ढगात अडकलो, ओढून काढ मला!"

"बसा तिथेच. मोदक मी खाते," म्हणत मी पदराने त्यांचा चष्मा पुसायची.

आज पदर हातात धरूनच थांबले. त्या पांढऱ्या धुक्यापलीकडे कुणी उभं नाही, असं खात्रीने सांगता येत नव्हतं. काचा निवळू लागल्या, तशी मी पुन्हा वाफेवर वाकले.