पैशाशिवाय घेतलं असतंत का?

नेड्रा हेन्सली एकोणीस वर्षं शाळेची बस चालवत होती. ओहायो नदीपासून आत, टेकड्यांच्या पोटात शिरणाऱ्या अरुंद रस्त्यांवर सकाळी सहाच्या आत तिची पिवळी बस धावू लागायची. बाई हाडापेरानं मजबूत, आवाज खणखणीत. मुलं ओरडली तर आरशात नुसती बघायची, तेवढ्यानं भागायचं. कुठल्या घरात काय चाललंय हे शाळेच्या आधी बसवालीला कळतं, असं ती म्हणायची आणि ते खरंही होतं. कोण उपाशी आलंय, कुणाचा बाप परत तुरुंगात गेलाय, सगळं त्या तीन पायऱ्या चढताना दिसतं.

टॅबी नावाची सात वर्षांची पोरगी तिच्या बसमध्ये आली आणि त्या एका वर्षात तिचा थांबा तीनदा बदलला. आई अमली पदार्थांपायी गेलेली, बापाचा पत्ता नाही. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, बालकल्याण खात्यानं पोरीला सांभाळायला या घरी ठेवावं, तिथल्यांना जमेना की त्या घरी. डावा पाय जरा ओढत चालायची, आणि तिला आकडी यायची. थांबा बदलायच्या दिवशी तिच्या हातात काळी प्लास्टिकची पिशवी असायची, कचऱ्याच्या डब्यात घालतात तसली. त्यात तिचे कपडे. पिशवी तिसऱ्यांदा दिसली तेव्हा नेड्राच्या मनात आलं, कुणाला एक साधी बॅग सुचू नये?

मार्चमध्ये एकदा बसमध्येच टॅबीला आकडी आली. नेड्रानं गाडी कडेला घेतली, पोरीला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपलं जाकीट सारलं आणि घड्याळाकडे बघत बसली. दोन मिनिटं चाळीस सेकंद. शुद्धीवर आल्यावर टॅबीनं पहिलं विचारलं, "माझी बस चुकली का?"

"नाही गं," नेड्रा म्हणाली. "बसमध्येच आहेस तू."

त्या संध्याकाळी ती नवऱ्याला, रॉइसला, म्हणाली, "आपल्याकडची मागची खोली रिकामीच आहे."

रॉइस खडीचा ट्रक चालवायचा. बोलायला कमी. शिजवलेले बीन्स आणि मक्याचा ब्रेड पुढ्यात होता. तो चावत राहिला, मग म्हणाला, "त्या खोलीचं छत गळतं. आधी ते करतो."

छत झालं, तपासण्या झाल्या, मूल सांभाळायचा परवाना आला. टॅबी आठ वर्षांची असताना घरी आली. पहिले चार महिने ती ब्रेड उशीखाली लपवायची. सहाव्या महिन्यात रॉइसशी भांडली. त्यानं तिच्या अंड्यांवर न विचारता मिरी टाकली म्हणून. ती भांडली म्हणून नेड्राला बरं वाटलं. दोन वर्षांनी कोर्टानं मोकळी वाट दिली आणि दोघांनी दत्तक घ्यायचं ठरवलं.

इथून पुढे कागद आले.

मुलांची प्रकरणं बघणारी काउंटीची बाई होती मिस प्रिचेट. वयानं लहान, बोलायला गोड, बोटं कायम फोनवर. ती म्हणाली, "मिसेस हेन्सली, वकील, कोर्टाची फी, घराची पाहणी, डॉक्टरकडच्या फेऱ्या, असा एकदाच होणारा खर्च राज्य परत देतं. दीड हजार डॉलरपर्यंत. पण मूल विशेष गरजा असलेलं आहे असं ठरायला हवं. आणि करार न्यायाधीशाच्या आदेशाच्या आधी सही झालेला हवा. नंतरचा चालत नाही."

"आकडी येते तिला. पाय आहे. दहा वर्षांची आहे. अजून काय ठरवायचं?"

"ते आहेच. पण ही एक चौकट भरायची असते." तिनं बोट ठेवलं. पैशाच्या मदतीशिवाय या मुलाला घर मिळणं का शक्य नाही ते लिहा, असं तिथं छापलेलं होतं.

नेड्रानं लिहिलं: आकडी येते, औषध चालू आहे, डावा पाय अशक्त.

प्रिचेटनं वाचून मान हलवली. "हे फार बरं वाटतंय हो. जरा गडद करा. रात्री ओरडते असं म्हणाला होतात ना मागे? अन्न लपवते?"

"आता नाही लपवत."

"लपवायची, असं लिहा. वागणुकीच्या अडचणी. वरच्या ऑफिसात बसलेला माणूस वाचून म्हणाला पाहिजे की असलं मूल कोण घेणार."

प्रिचेट वाईट बाई नव्हती. मदतच करत होती, आणि त्याचीच नेड्राला शिसारी येत होती. शेवटी रॉइसनं पेन घेतलं आणि सांगितलं तसं लिहिलं, कारण वकील उधारीवर काम करत होता आणि घराच्या पाहणीचे पैसे त्यांनी ट्रकच्या टायरसाठी ठेवलेल्यातून भरले होते. नेड्रानं खाली सही केली. घरी येऊन तिनं दोनदा हात धुतले.

करारावर सही झाली आणि अकरा दिवसांनी न्यायाधीशानं टॅबीला हेन्सली करून टाकलं. कोर्टात केक होता, निळ्या क्रीमचा. टॅबीनं न्यायाधीशाला विचारलं, "आता हे कुणी बदलू शकतं का?" तो म्हणाला, "नाही. मीही नाही." गाडीत बसल्यावर ती रॉइसला म्हणाली, "मिरी मात्र विचारूनच टाकायची."

दोन महिन्यांनी पत्र आलं. भरपाई नामंजूर. कारण असं: भेटीच्या नोंदीनुसार कुटुंबाला मुलीचा अतिशय लळा आहे आणि मदत मिळाली नसती तरी त्यांनी तिला दत्तक घेतलं असतं असं दिसतं. त्यामुळे मुलगी विशेष गरजा असलेल्या मुलाच्या व्याख्येत बसत नाही.

नेड्रानं पत्र उभ्यानं वाचलं, मग परत वाचलं.

"म्हणजे जीव लावला म्हणून पैसे नाहीत," ती म्हणाली.

रॉइस म्हणाला, "सोडून देऊ. जास्तीच्या फेऱ्या मारतो मी."

"पैशासाठी नाही रे. असला कागद माझ्या घरात उत्तर दिल्याशिवाय पडून राहायचा नाही."

तिनं दाद मागितली. सुनावणी फोनवर होती, मंगळवारी दुपारी एक वाजता. टॅबी शाळेत असणार म्हणून तीच वेळ तिनं मागून घेतली होती, सुट्टी टाकली होती, बस दुसऱ्या बाईला दिली होती. पण आधीचं प्रकरण लांबलं. फोन आला तेव्हा तीन वाजून गेले होते. सुनावणी घेणारा अधिकारी, म्हातारा वाटणारा आवाज, शांत. आणि राज्याच्या खात्याच्या बाजूनं बोलणारा एक माणूस, घाईत असल्यासारखा. फोन स्वयंपाकघराच्या टेबलावर, आवाज मोठा करून ठेवलेला, कारण कागद चाळायला दोन्ही हात लागत होते.

अर्धा तास तारखा आणि पावत्या झाल्या. मग तो घाईतला माणूस म्हणाला, "मिसेस हेन्सली, एकच प्रश्न. हो किंवा नाही. राज्याकडून एकही पैसा मिळणार नाही असं सांगितलं असतं, तर तुम्ही या मुलीला घेतलं असतंत का?"

मागे जाळीचं दार वाजलं होतं ते नेड्राला ऐकूच आलं नव्हतं. तिनं मान वळवली तर टॅबी फ्रिजपाशी उभी होती. पाठीवर दप्तर, हातात दुधाचा डबा, झाकण न उघडलेला. ती फोनकडे बघत होती.

नेड्राला सगळं लख्ख दिसलं. हो म्हटलं की पैसे गेले. नाही म्हटलं की पैसे मिळतील. हा प्रश्न कुणीतरी टेबलाशी बसून, कॉफी पीत, नीट शब्द जुळवून तयार केला असेल.

"हो," ती म्हणाली. "घेतलं असतं. एक छदाम मिळाला नसता तरी. उलट तुम्ही माझ्याकडून पैसे मागितले असतेत तरी घेतलं असतं. लिहून घ्या."

"बस्स, मला एवढंच विचारायचं होतं," तो माणूस म्हणाला.

"तुमचं झालं असेल, माझं नाही. मुलगी इथं उभी आहे माझ्या स्वयंपाकघरात. तिनं ऐकलं तुमचं. तुमच्याच फॉर्मवर वय लिहिलंय, आजार लिहिलाय, तुमच्याच डॉक्टरची सही आहे. करार आदेशाच्या आधीचा आहे. तिला आकडी येते ती मला तिचा लळा आहे म्हणून थांबत नाही. आणि हा प्रश्न पुढच्या बाईला विचाराल तेव्हा आधी विचारा, पोर घरात आहे का."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. म्हाताऱ्या अधिकाऱ्यानं घसा साफ केला आणि निकाल पत्रानं कळवू असं सांगितलं.

टॅबीनं दूध ओतून घेतलं. "कोण होता तो?"

"मूर्ख."

"बरं," टॅबी म्हणाली आणि ग्लास घेऊन बाहेर गेली.

सहा आठवड्यांनी निकाल आला. हेन्सली कुटुंबाच्या बाजूनं. रॉइसनं खांद्यावर थाप मारली, पण नेड्रा वाचत राहिली. कारण निकालाला आधार हवा असतो आणि आधार त्या अधिकाऱ्यानं टॅबीच्या जुन्या फायलीतून काढला होता. कुटुंबाची तयारी हा मुद्दा गौण, असं त्यानं लिहिलं होतं. त्यांच्या आधी काउंटीनं मदतीशिवाय घर शोधायचा प्रयत्न केला होता का, हे महत्त्वाचं. तो केला होता. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांनी मुलं बघावीत म्हणून भरवलेल्या तीन सहलींमध्ये मुलीला नेण्यात आलं. एकूण चौऱ्याहत्तर कुटुंबं उपस्थित. मुलीबद्दल एकाही कुटुंबानं चौकशी केली नाही. सबब दावा मंजूर.

म्हातारा माणूस भला होता. त्यानं त्यांना जिंकवलं होतं, आणि त्यासाठी त्याला हे शिक्क्यासकट लिहावं लागलं होतं की ही पोर कुणालाच नको होती. नामंजुरीचं पत्र यापेक्षा स्वच्छ होतं, असं नेड्राला वाटलं.

"जाळून टाकते," ती म्हणाली. मागच्या अंगणात कचरा जाळायचं पिंप होतं.

"नको," रॉइस म्हणाला. "पाच वर्षं ठेवायला सांगितलंय. मागतील परत."

म्हणजे जाळायचीही सोय नाही. तिनं ते पत्र कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, टॉर्च आणि जुन्या बॅटऱ्यांच्या मागे सारलं.

टॅबीला उंच जागा आवडायच्या. वीज गेली तेव्हा ती स्टूलवर चढली टॉर्च काढायला, आणि खाली उतरली तेव्हा तिच्या हातात दोन्ही होतं. नेड्रानं पत्र ओढून घेतलं, पण टॉर्चच्या उजेडात तिनं ते वाचलं होतं.

"त्या सहलींना मी होते की," टॅबी म्हणाली. "मला ठाऊकच आहे. आम्हाला निळे टी-शर्ट घालायचे, म्हणजे विकत... म्हणजे घ्यायची मुलं कुठली ते लोकांना कळावं म्हणून. आलेल्या लोकांची स्वतःची मुलं साध्या कपड्यांत. एक बाई माझ्याशी फ्रिस्बी खेळली. मी पाय ओढत धावले तेव्हा म्हणाली, पाणी पिऊन येते. आलीच नाही."

नेड्रानं पत्राची घडी घातली.

"चौऱ्याहत्तर होती होय," टॅबी म्हणाली. "मला वाटलं होतं जास्त असतील. हॉट डॉग संपले होते."

तिनं हे न रडता, हिशेब दुरुस्त करावा तसं सांगितलं. नेड्रानं तिला जवळ घेतलं. दहा-अकरा वर्षांच्या मुली घेऊ देतात तेवढंच, क्षणभर. मग ती टॉर्च घेऊन रॉइसला फ्यूजपाशी उजेड दाखवायला गेली. नेड्रा अंधारात उभी राहिली आणि त्या बाईचा, त्या पाण्याचा, त्या निळ्या टी-शर्टांचा तिला असा संताप आला की दातांत दात रुतले.

चेक आला. तिनं तो भरला, वकिलाचं देणं फेडलं, टायर घेतले. पैसे परत पाठवून तोरा मिरवणं तिला परवडणारं नव्हतं आणि तसं करावंसंही वाटलं नाही. पैसे त्यांच्या हक्काचे होते. घाण पैशात नव्हतीच.

वसंतात मिस प्रिचेट दुकानात भेटली. ढकलगाडी वळवून हसत आली. "मिळाले ना शेवटी! तुमचं प्रकरण आम्ही नव्या कुटुंबांच्या प्रशिक्षणात ठेवतोय. कसं लिहावं त्याचा नमुना म्हणून. नावं काढून हं, अर्थातच."

"त्या प्रशिक्षणाला लोक येतात का?"

"दहा-बारा जोडपी असतात."

"मग मीच येते," नेड्रा म्हणाली.

प्रिचेटला नाही म्हणता आलं नाही. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्यांवर अकरा जोडपी बसली होती. नेड्रा पुढे उभी राहिली, बसमधल्या आवाजात बोलली. "करारावर सही आदेशाच्या आधी करून घ्या. पावत्या ठेवा. ती चौकट पोर शाळेत असताना भरा, आणि भरलेला कागद घरात ठेवू नका, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आणि फोनवर एक माणूस तुम्हाला एक प्रश्न विचारेल." तिनं प्रश्न सांगितला.

मागच्या रांगेतल्या एका तरुण बाईनं विचारलं, "मग त्याला काय सांगायचं?"

"खरं असेल ते सांगा," नेड्रा म्हणाली. "पण खरं उत्तर ‘नाही’ असं असेल, तर सुनावणीपर्यंत थांबू नका. आत्ताच घरी जा."

कुणी हसलं नाही. एक जोडपं खरंच उठलं, कोट घेतले आणि जिना चढून गेलं. प्रिचेट आपल्या फोनकडे बघत राहिली. नेड्रानं त्यांच्या रिकाम्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या आणि पावत्यांचं पुढचं सांगायला लागली.