दीड रिंग

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडतानासुद्धा याला वळसा घालून पुढे जाते. तुम्हालाच का सांगतेय? – विचारू नका. बसा जरा.

अंबरनाथला रंगांच्या कारखान्यात मी एकवीस वर्षं फोनवर आहे. आधी खटक्यांचा बोर्ड होता. मग इंटरनेटवरून फोन चालवणारी पेटी आली, गेटवे म्हणतात तिला. बसवायला आलेल्या माणसाने सगळी खटपट मला शिकवली – कुणाचा कॉल कुणाकडे वळवायचा, एक चालू असताना दुसरा येऊ द्यायचा का, आणि कुणी उचललाच नाही तर किती सेकंदांनी पुढच्याकडे पाठवायचा. पासवर्ड एकट्या माझ्याकडे. दहावी पास बाई, पण भल्याभल्यांना "थांबा, मी करून देते" म्हणायची! काय तोरा होता माझा.

आणि उज्ज्वला आली. ऑर्डर घ्यायच्या टेबलावर, सहा महिन्यांच्या बोलीवर; काम जमलं तर पक्की होणार. ती मांजर्लीची, मी हेंद्रेपाड्याची, म्हणजे आमच्या बदलापूरचीच. गोड पोरगी. खरंच गोड – तेच तर माझं दुखणं! उल्हासनगरचे एक सिंधी शेठ, इतकी वर्षं "दीदी, कैसी हो" विचारल्याशिवाय कामाचं बोलायचे नाहीत. एक दिवस म्हणाले, "वो नयी मॅडम को दो ना, वो अच्छे से समझाती है." दिला हो मी कॉल. हसत दिला. पण तळपायाची आग मस्तकात गेली. एवढी वर्षं मी काय माशा मारत होते?

मग साहेबही तिचंच कौतुक करायला लागले. जळत होते मी. दुसरा शब्द नाही त्याला.

मी काय केलं? – सांगते, सांगते. जीभ उचलत नाही.

एका दुपारी गेटवेचं पान उघडलं आणि तिच्या फोनपुढचा वीसचा आकडा पुसून पाच लिहिला. बस, एवढंच. वीस सेकंदांत सहा-सात रिंगा होतात. पाचात दीड. त्यानंतर कॉल माझ्याकडे. तिचं रंगांच्या नमुन्यांचं कपाट टेबलापासून दहा-बारा पावलांवर. ती धावत यायची, रिसिव्हर उचलायची, तोवर कॉल गेलेला. आणि इकडे मी, साखर घोळवून – "जागेवर दिसत नाहीये ती, मला सांगा ना."

शेठ परत मला दीदी म्हणायला लागले. काय बरं वाटायचं म्हणून सांगू!

महिन्याच्या रिपोर्टात तिच्या नावापुढे 'उचलला नाही'ची रांग लागली. साहेबांनी तिला आत बोलावलं. दुसऱ्या दिवसापासून तिने ऑफिसात पाणी प्यायचं सोडलं – बाथरूमला जावं लागू नये म्हणून. जेवताना डावा हात फोनवर. मी समोरच बसायचे ना, सगळं बघायचे. पाचाचे परत वीस करायला असा किती वेळ लागला असता? नाही केले.

मग एकदा ती हळूच म्हणाली, "ताई, मला कमी ऐकू येतं बहुतेक. आधीच्या रिंगा कळतच नाहीत. शेवटची एखादीच ऐकू येते."

ऐकलंत? तिला वाटलं, आपले कान गेले! आणि मी, साळसूदपणे, "चल, दाखवून येऊ" म्हणाले. उल्हासनगरला कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले तिला. ती काचेच्या खोलीत हेडफोन लावून बसली. बारीक आवाज आला की बोट वर करायचं. मी बाहेर, तिची पर्स मांडीवर घेऊन. प्रत्येक वेळी तिचं बोट वर गेलं. एकदाही चुकलं नाही. कान ठणठणीत आहेत, डॉक्टर म्हणाले. रिक्षात ती म्हणाली, "म्हणजे माझंच लक्ष नसतं, ताई." आणि मी काय म्हणाले असेन? "होतं गं असं. सकाळी जरा ध्यानाला बसत जा."

तिला पक्कं केलं नाही. ती गेली त्याच संध्याकाळी मी पाचाचे वीस केले.

आता ती कुळगावात एका दवाखान्यात नंबर लावून देते. दर संक्रांतीला तिळगूळ घेऊन घरी येते. "घरचं कुणी आलं नसतं, तुम्ही आलात माझ्याबरोबर," असं ह्यांच्यासमोर म्हणते. मी लाडू घेते. माझा तिच्या हातावर ठेवते. गोड बोलते.

परवा ह्यांचा नंबर लावायला दवाखान्यात फोन केला. ऐन जेवायची वेळ. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत तिने उचलला. मागे खुर्ची सरकली, स्टीलचा डबा खाली पडल्याचा आवाज आला. घास तोंडात तसाच असावा, आणि धाप लागलेली.

"बोला," ती म्हणाली. "सॉरी हं, उचलायला उशीर झाला."